साखळीखालचा माणूस

आळंदच्या जिनिंगमध्ये रोज सकाळी भोंग्याआधी अंकुशराव मिस्त्री कप्पीची साखळी तपासायचे. त्याच कप्पीनं कापसाच्या गाठी उचलून गाडीवर ठेवायच्या. एकेक कडी बोटानं चाचपायची, आकडा वाकलाय का बघायचं, ब्रेक ओढून बघायचा आणि वहीत उर्दूत लिहायचं, सब ठीक. निजामी गेली होती, तरी वहीची रीत तीच राहिली होती.

गाठी बांधणारा गुरप्पा साखळीखाली पाय ठेवण्याआधी न चुकता विचारायचा, "बघितलास का, अण्णा?" मिस्त्री व्हय म्हणाले की तो खाली शिरायचा.

एका माघात एके दिवशी मिस्त्रींना यायला उशीर झाला. भोंगा वाजून गेला होता, गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांनी साखळीला हातही न लावता वहीत लिहून टाकलं. दुपारी आकडा उघडला आणि भरलेली गाठ अंगावर येऊन गुरप्पा जागीच गेला. पंचनाम्यात मिस्त्रींनी तपासल्याचं सांगितलं. लोखंडाचा काय भरवसा, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

तेव्हापासून मिस्त्री साखळी चाचपायला लागले की मागून तोच आवाज यायचा, "बघितलास का, अण्णा?" वळून बघावं तर नुसती सरकीची धूळ. मग ते पहिल्या कडीपासून पुन्हा सुरू करायचे. पाव घटकेच्या कामाला तास लागायला लागला. मॅनेजर नरहरराव दोनदा रागावले.

दिवाळीनंतर गुरप्पाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ गुरुशांतप्पा आला. पहिल्याच सकाळी तो साखळीपाशी थांबला आणि थेट भावाच्याच आवाजात म्हणाला, "बघितलास का, अण्णा?"

मिस्त्रींनी त्या सकाळी साखळी तीनदा बघितली होती, तरी तोंडातून व्हय निघेना. ते खाली बसले.

"आज बघितलंय," ते म्हणाले. "त्या दिवशी न्हाई बघितलं."

गुरुशांतप्पा संध्याकाळी त्यांना घेऊन भावजयीकडं, ईरम्माकडं गेला. मिस्त्रींनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्या दिवशी त्यानं विचारलं होतं का तुला?"

"विचारलं होतं."

"मग तू काय म्हणलास?"

"व्हय म्हणलो."

ईरम्मानं तोंडावर पदर घेतला. ती एवढंच म्हणाली, "लोखंडानं न्हाई मारलं मग त्याला." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नरहररावांना सांगितलं. ते म्हणाले की प्रकरण मिटलंय, पुन्हा उकरू नका, कामाला लागा. मिस्त्रींनी ऐकलं नाही. पोलीस कचेरीत जाऊन त्यांनी नवा जबाब लिहून दिला. खटला उभा राहिला, सहा महिन्यांची सजा झाली, ती त्यांनी गुलबर्ग्याला भोगली.

सुटून आल्यावर जिनिंगनं त्यांना परत घेतलं, ते गुरुशांतप्पाच्या सांगण्यावरून. पण अट त्याचीच होती. मिस्त्रींनी साखळी बघायची आणि खाली जाणाऱ्या प्रत्येकानं ती स्वतःच्या हातानं पुन्हा बघायची. मिस्त्रींच्या शब्दावर आता कुणी खाली जात नाही. मिस्त्रींना ते बरं वाटतं.

आवाज मात्र थांबलेला नाही. साखळीच्या मध्यावर बोट आलं की तो येतो. मिस्त्री वळत नाहीत, उत्तर देत नाहीत. पुढची कडी हातात घेतात.