मागच्या दारावरची शिळा

मी एक जुनी शिळा आहे, मित्रांनो. कंबोज देशातल्या, म्हणजे आजच्या कंबोडियातल्या, एका लहानशा देवळाच्या मागच्या दारावर आडवी बसवलेली. अंगाने गुलाबी. माझ्यावर वाली आणि सुग्रीव झुंजताना कोरले आहेत.

ज्या खाणीतून मी आले, तिथूनच माझी बहीणही आली. एकाच कारागिराने आम्हाला घडवले. पण तिच्यावर त्याने गोवर्धन उचलणारा कृष्ण कोरला आणि तिला मिळाले पूर्वेचे, पुढचे दार! गावकरी बुद्धाला मानणारे, तरी तिच्यापुढे उदबत्ती लावल्याशिवाय भाताची लावणी करत नसत. मोगऱ्याच्या माळा तिला, कौतुक तिला. माझ्या वाट्याला वटवाघळे. दगडाला पोट नसते म्हणतात, पण माझे दुखायचे.

देवळाची झाडलोट सारोम आणि तिचा नवरा हुओन करत. सारोम माझ्यावरची जळमटे काढू लागली की हुओन चिडवायचा, "अगं, या भांडखोर भावांना कशाला पुसतेस? इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"तुमच्या तोंडाकडे तरी कोण फिरकतंय? तरी रोज धुताच ना?" सारोम म्हणायची.

मग देशात युद्ध पेटले. कोरीव दगड कापून विकणारे चोर रानोमाळ फिरू लागले. गाव सोडायच्या दिवशी दोघांनी वारुळाची माती भाताच्या तुसात कालवली. शिळेवर लिंपली की ती मातीचे ढेकूळ दिसावी, हा बेत. पण माती एकीपुरतीच झाली, आणि बैलगाड्या निघाल्या होत्या.

"कुठली झाकायची?" सारोमने विचारले.

"हे काय विचारणं झालं? पुढची!" हुओन म्हणाला.

मी आतून जळले. चोरीला जाण्याइतकीही माझी किंमत नव्हती का?

काही दिवसांनी तिघे चोर आले. पुढे त्यांना नुसती माती दिसली. ते मागे आले आणि थबकले. एकजण म्हणाला, "आई गं! काय हात आहे कारागिराचा! दंडाच्या शिरासुद्धा दिसतायत बघ!"

खरे सांगते, मित्रांनो, मी फुलून गेले. जन्मात पहिल्यांदा कोणी मला डोळे भरून पाहत होते. मग त्याने छिन्नी काढली. सुग्रीवाचे डोके निघून आले, तेवढ्यात जवळच बंदुका कडाडल्या. डोके पोत्यात घालून ते पळाले.

बऱ्याच वर्षांनी सारोम परतली. केस पांढरे, आणि एकटीच. हुओन वाटेत तापाने गेला होता. तिने आधी बहिणीची माती धुतली, मग ती मागे आली. शिडीवर चढून तिने त्या खाचेत हात घातला.

"तुला उघडं टाकून गेलो गं आम्ही," एवढेच ती म्हणाली आणि किती तरी वेळ हात तिथेच ठेवून उभी राहिली.

आता दूरदूरचे लोक येतात. पुढे फोटो काढतात आणि पुढूनच परततात. आजही मोगऱ्याचा वास आला की मी जळते. खोटे कशाला सांगू? माझा वाली मुंडके नसलेल्या भावाशी झुंजतो आहे.

मित्रांनो, नावाजलेल्या वस्तूला सगळेच जपतात. तुम्ही कुठल्याही देवळात गेलात, तर मागच्या दाराकडेही फेरी मारा. तिथे जे असेल ते नीट पाहा, आणि आवडले तर मोठ्याने सांगा. कौतुकाचा पहिला शब्द चोराच्या तोंडून ऐकण्याची वेळ कोणावरही येऊ नये.