पाचवा हात फिंतासमध्ये

रत्नमाला लेकीच्या बाळंतपणाला कुवेतला आली आणि महिन्याभरातच गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला. ग्रामपंचायतीत सात सदस्य. ठराव पास व्हायला पाच हात हवेत. चार ठरलेले होते आणि पाचवा कुवेतमधल्या फिंतासच्या फ्लॅटमध्ये नातीची दुपटी वाळत घालत होता.

नवऱ्याचा, जयरामचा फोन आला. "अगं, एक अधिकारपत्र लिहून फोटो पाठव. तुझ्या जागी मी ठरावाच्या विरोधात मत देतो. नाहीतरी मीटिंगला मीच बसतो ना!"

खरंच होतं ते. चार वर्षं सदस्याची खुर्ची तिची आणि बसायचा जयराम. सरपंच शत्रुघ्न त्याचा जिवलग दोस्त. तिच्या वाडीचा नळ दोन वर्षं कोरडा होता, तरी जयरामने कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिने ग्रामसेवकाला विचारलं. "वहिनी, तुमच्या जागी कुणालाच मत देता येणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः हजर हव्यात."

म्हणजे ती गेली नाही तर शत्रुघ्न वाचणार, आणि गेली तर? रत्नमाला गालातल्या गालात हसली. तिने थेट सरपंचालाच फोन लावला.

"भाऊजी, मंगळवारच्या मीटिंगला येते म्हणते."

"क-कशाला वहिनी? ओल्या बाळंतिणीला टाकून?"

"जिवावर येतंय हो. पण वाडीतल्या बायका रोज नळाचं विचारतात. त्यांना काय सांगू?"

"त्याची मंजुरी अजून..."

"मग येतेच."

"थांबा, थांबा!"

तिसऱ्या दिवशी शेजारणीने व्हिडिओ पाठवला. नळाला धो धो पाणी, आणि पाइपावर माती ओढणारा घामाघूम जयराम. रत्नमालेने तो चार वेळा पाहिला.

"आई, तिकीट कधी काढलंस?" लेकीने, स्वराने विचारलं.

"कसलं तिकीट? व्हिसा संपायला अजून महिना आहे."

मंगळवारी चारच हात वर झाले. ठराव पडला. संध्याकाळी जयरामचा फोन आला. "तहसीलदारांनी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं गं! खिडकीतून बघावं लागलं."

"सवय करा. पुढच्या महिन्यापासून मीटिंगला मीच बसणार."

मग तो हळूच म्हणाला, "आणि पुन्हा ठराव आला तर तुझा हात कुणीकडे?"

"बघू. तोवर भाऊजींना सांगा, वाडीच्या रस्त्यावरचे दिवे राहिलेत."