उसना चिखल

पाहणीला सरकारी माणूस येणार असं कळलं आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "घर लख्ख दिसलं पाहिजे. परक्या माणसाला काय चिखलात उभं करायचं?" घरात दोघीच. सून शिवणकाम करायची. पूर आल्यापासून ती फारशी बोलत नव्हती, सांगितलं ते करत होती. दोघींनी भिंती धुतल्या, जमीन खरवडली, शिलाई मशीन रॉकेलने पुसलं. मशीन जाम झालं होतं, पण चमकत होतं.

सासूबाईंना म्हातारपणाची पेन्शन होती. पूर ओसरायच्या आत त्यांच्या खात्यात जादा मदत आपोआप येऊन पडली, कारण पेन्शनच्या यादीमुळे सरकार त्यांना ओळखत होतं. त्यावर तेलमीठ भागलं. पण घर चालायचं ते सुनेच्या मशीनवर, आणि सुनेला कुठलीच योजना ओळखत नव्हती. नवं मशीन हवं तर नुकसान दिसायला हवं होतं.

"बूट बाहेर," सासूबाई म्हणाल्या.

पाहणीवाला मोज्यांवर आत आला. "मावशी, इथे पाणी शिरलं होतं ना?"

"गळ्यापर्यंत."

"मग फोटो कशाचा काढू? घर तर पाहुणे यायचे असल्यासारखं आहे."

"तुम्ही येणार होतात ना."

माणूस वाईट नव्हता. फोटोत चिखल नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, म्हणाला, आणि बूट चढवून बाहेर थांबला. सुनेने बादली उचलली. रस्त्यावरचा चिखलाचा ढीग सकाळीच गाडीने नेला होता. शेजारीण मात्र मुलखाची आळशी. तिच्याकडे घोटाभर चिखल तसाच होता आणि तिची मदत मंजूरही झाली होती.

"बादलीभर चिखल उसना देता का?"

"घे की. परत नाही दिलास तरी चालेल."

सुनेने अर्धी बादली जमिनीवर ओतली, उरलेली मशीनवर. तिला काहीच वाटलं नाही. काही वाटत नाही याची मात्र जराशी भीती वाटली.

पाहणीवाल्याने दारातूनच फोटो काढले. "मंजुरी येईपर्यंत पुसू नका. वरचे साहेब खात्री करायला येतील."

"कधी?" सुनेने विचारलं.

"येतील." त्याला मशीनचा जवळून एक फोटो हवा होता. तो उंबऱ्याशी वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

सासूबाई जमिनीकडे बघत होत्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "घालूनच या."