एका वेळी एकच प्रेक्षक

स्फाक्स शहरातल्या विद्यापीठात ग्रंथालयाने ऑनलाइन माहितीपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ग्रंथपाल नजीबाने चांगलंच मिरवून घेतलं. परवाना मात्र स्वस्तातला, एका वेळी एकालाच बघता येणार. माहितीपट बघायला कुठे झुंबड उडतेय, असा तिचा हिशोब.

आणि नेमका केर्केना बेटावरच्या मासेमारीचा माहितीपट सोमवारच्या परीक्षेला लागला. शनिवारी शाकिर नावाचा विद्यार्थी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, केव्हाही उघडा, तीच पाटी. दुसरं कोणीतरी बघत आहे. अहो, कोण हा महाभाग? झोपतो तरी का?"

"थांब, आत्ता त्याचा कान धरते," म्हणत नजीबाने संगणकावर नाव शोधलं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. नाव तिचंच होतं. आईचा वेळ जावा म्हणून घरच्या टीव्हीवर तिनेच आपला पासवर्ड घालून दिला होता.

दुपारी ती तणतणत घरी गेली. आई स्वयंपाकघरात कुसकुस वाफवत होती आणि बाहेर टीव्ही आपला चालूच.

"यम्मा, तिकडे वर्गभर पोरं माझ्या नावाने खडे फोडतायत. बघायचं नसेल तर बंद करावा ना माणसाने."

"बघतेय की. तूही बस जरा."

पडद्यावर एक माणूस गुडघाभर पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवत होता, मासे अडवायचं कुंपण. त्याने मागे वळून कोणाला तरी शिवी हासडली आणि खदखदून हसला. नजीबा टीव्हीच्या अगदी जवळ गेली. बाबा. ती लहान असतानाच गेलेले. घरात त्यांचा एकुलता एक फोटो, लग्नातला, ओठ घट्ट मिटलेले. हा घोगरा आवाज तिला आठवतही नव्हता. आणि हा माहितीपट तिनेच यादीतून निवडला होता, न बघता. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू बंद केला असतास. संपला की मी परत लावते. घरात त्यांचा आवाज असला की बरं वाटतं गं."

आता बंद कर म्हणायला नजीबाची जीभ रेटेना. तेवढ्यात शाकिरचा फोन आला, सापडला का तो, म्हणून. तिने बघते म्हणून ठेवून दिला.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"परीक्षा आहे त्यांची. हे कुंपण कसं घालतात ते बघायचंय."

"म्हणजे तुझ्या बाबांचं काम? सगळ्या पोरांना?"

"सगळ्यांना."

आईने ओले हात फडक्याला पुसले, रिमोट उचलला आणि स्वतःच टीव्ही बंद केला.

"मग त्यांना म्हणावं, नीट बघा. जन्मभर पाण्यात उभा राहिला माणूस, कोणी ढुंकून पाहिलं नाही."