तिसऱ्या दिवशीचा खटका

सुगंधाने सुका बोंबील चिमट्यात धरून गॅसवर भाजला आणि वास सुटताच पिंजऱ्यातल्या तारेला अडकवला. शुक्रवारी आणि शनिवारी तिने पिंजऱ्याचं दार दोऱ्याने बांधून उघडंच ठेवलं होतं, आत बोंबील मात्र रोज नवा. उंदराने दोन्ही दिवस मजेत खाल्ला. इतका निर्ढावला होता मेला, की दिवसाढवळ्या ओट्याखालून फिरायचा. आता तिने दोरा सोडला, खटका लावला आणि पिंजरा सिलिंडरमागे भिंतीला चिकटवून ठेवला.

शेजारची पद्मजा या उद्योगाला हसायची. विषाची वडी टाकली की काम संपलं, असं तिचं म्हणणं. मग मेलेला उंदीर चार दिवस नाक धरून शोधायचा कोणी? कांजूरमार्गच्या या चाळीत सुगंधाची चाळीस वर्षं गेली होती. तिचा मुलगा देवेश लहान असताना ती पिंजरा लावायची तेव्हा बाजूला बसून राहायचा. पहिल्याच दिवशी खटका का नाही लावायचा, असं एकदा त्याने विचारलं होतं.

"दोन दिवस पोटभर खाऊ दे त्याला," ती म्हणाली होती. "भीती गेली की आपल्या पायाने आत येतो."

तोच देवेश आज जेवायला येणार होता. आठ महिने त्याने तोंड दाखवलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी मात्र रविवारी अचानक पापलेटं घेऊन उगवला. मागच्या रविवारी गंधालीला आणलं. सहा वर्षांची नात दिवसभर आजीच्या मांडीवरून हलली नाही आणि सुगंधाने ते अख्ख्या चाळीला दोनदा सांगितलं. आपण इतक्या लवकर विरघळलो, याची तिला थोडी लाजही वाटली.

देवेश आला तो एकटाच, हातात फाईल घेऊन. गंधालीचा क्लास आहे म्हणाला. बांगड्याच्या तिखल्याचं कौतुक करून झाल्यावर त्याने सांगितलं की चाळ पाडून टॉवर होणार आहे, खोली आत्ताच त्याच्या नावावर केली तर पुढे धावपळ नको. पेनही तो घेऊन आला होता.

"नव्या घरात मी कुठे झोपायचं?" सुगंधाने विचारलं.

देवेश भात कालवत राहिला. "तुला गावचीच हवा मानवते ना, आई."

तेवढ्यात सिलिंडरमागे खाडकन दार पडलं. देवेश लहानपणीसारखा उठला आणि वाकून बघून आला.

"तिसराच दिवस ना?" तो हसला. "अजून तसंच करतेस तू."

"आठवतं तुला?"

"तूच तर शिकवलंस."

त्याच्या बोलण्यात काहीच खोच नव्हती आणि तेच तिला जास्त लागलं. पंधरा दिवसांपूर्वीची पापलेटं तिला आत्ता आठवली. आत्ताच्या आत्ता याला घालवून द्यावं, असं तिला वाटलं. पण मग गंधालीही गेली असती.

तिने हात पुसले, फाईल उचलून कपाटात साड्यांखाली ठेवली आणि कुलूप लावलं.

"राहू दे इथेच. पुढच्या रविवारी गंधालीला घेऊन ये. सहीचं मग बघू."

"नक्की ना, आई?"

"आण तर तिला."

देवेश लगेच हो म्हणाला. सकाळीच आणतो, हवं तर दिवसभर राहू दे, असंही वर म्हणाला. इतक्या पटकन तो आजवर कशालाच तयार झाला नव्हता.

तो गेल्यावर सुगंधाने उंदीर नाल्यापलीकडे सोडला आणि पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला. जुना वास राहिला तर दुसरा आत येत नाही. पद्मजाने दारातून विचारलं, मुलगा काय म्हणतो.

"येणारे पुढच्या रविवारी," सुगंधा म्हणाली. "त्याच्या पुढच्याही येईल."

सही ती कधीच करणार नव्हती. फाईल कपाटात आहे तोवर नात दिसत राहील, एवढं तिला कळलं होतं, आणि त्याचा तिला जराही आनंद झाला नाही. कपाटाची किल्ली तिने पदराला बांधली आणि देवेशचं उष्टं ताट उचललं.