सरांचा शेवटचा हात

त्रिंबक सरांच्या हाताखालची रीतच तशी होती. गणित कितीही पक्कं असो, पाठवण्याआधी सर त्यावर शेवटचा हात फिरवणार, आणि मग कुणी ते पुन्हा उघडून बघायचं नाही. बघणं म्हणजे सरांवर शंका घेणं. त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या अदीबानंही बघितलं नाही, आणि तिथंच घात झाला.

काम होतं शिडाचं. लेझरच्या झोतानं ढकललं जाऊन ताऱ्यांकडे निघणारं शीड, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ, त्यात अब्जावधी भोकं. कुठलं भोक केवढं ठेवायचं, हे माणसाच्या बापाला सुचणार नाही. त्याला महासंगणकच लागतो. दोन वर्षं अर्ज करकरून त्याचे चाळीस दिवस मिळाले, तेही सरांच्या नावावर. सर या महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे विभागात हे काम कुणी चालवणार नव्हतं.

चाळीस दिवसांनी नक्षी आली. गारखेड्यातल्या घरी अम्मीला ती दाखवताना अदीबाला रडू आलं, इतकी देखणी. मग तिनं गणितातच शीड पळवून बघितलं. जागेवर होतं तोवर झकास. वेग घेतला की प्रकाश आरपार निघून जायचा, शिडाला ढकलायचाच नाही. दूर पळणाऱ्या शिडाला मागून येणारा प्रकाश लालीकडे सरकलेला दिसतो. संगणकाला मात्र निळ्याकडे सरकतो असं सांगितलं गेलं होतं. एका ओळीत अधिकाच्या जागी वजा. तिनं सरांना देण्याआधीची आपली जुनी प्रत काढली. तिचं बरोबर होतं. चिन्ह सरांनी बदललं होतं.

पुंडलिकनगरला सरांच्या घरी जाताना रस्ताभर ती मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होती. तीन वर्षं मातीत गेली होती. आज तोंडावर सांगायचंच, असं ठरवून ती गेली.

सरांच्या पत्नी शीलाकाकूंनी चहा आणला. उद्याच्या निरोपाचं भाषण सर गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते, आणि त्यात शीड होतं. अदीबानं ठरवून आणलेलं वाक्य बदललं.

"लाल-निळ्यात चिन्ह उलटं पडलं, सर," ती शेवटी म्हणाली. "सगळं वाया गेलं."

आता त्यांना आठवेल, म्हणून ती बघत राहिली. सरांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. त्यांना आठवतच नव्हतं.

"पाठवायच्या आधी एकदा मला दाखवायचं व्हतं की, पोरी," ते म्हणाले.

"हो सर," अदीबा म्हणाली. "चुकलं माझं."