श्वासाची जागा

तिने तो श्वास पुन्हा वाजवला.

नुसता श्वास. त्याच्या पुढची ओळ तिने बंद केली होती, मागची कापून बाजूला ठेवली होती. हेडफोनमध्ये एक बाई हवा आत घेत होती आणि ती बाई कोण, हे तिला कळत नव्हतं. स्क्रीनवर ट्रॅकचं नाव मात्र नेहमीचंच होतं: ताई.

धंद्यात तिला सगळे कात्री म्हणत. गायकांचे आवाज तिच्याकडे कच्चे यायचे आणि निवडून-पाखडून परत जायचे. घसरलेला सूर उचलून जागेवर ठेवायचा, शिट्टीसारखा टोचणारा ‘स’ मऊ करायचा, दोन ओळींमधला श्वास ऐकू येईल न येईल इतका दाबायचा. ताई तिची नणंद. आधी दोघींचं काम जुळलं, मग ताईंनीच धाकट्या भावासाठी शब्द टाकला. “हिनं माझं इतकं ऐकून घेतलंय, तुझंही घेईल,” असं म्हणून.

ताईंच्या श्वासाला एक खोड होती. ओळ उचलण्याआधी जीभ टाळूपासून सुटायची आणि बारीकसा ‘टक्’ व्हायचा. तो टक् कात्री वर्षानुवर्षं खड्यासारखा वेचून टाकत आली होती.

या गाण्यात टक् नव्हता. एकाही ओळीआधी नव्हता.

एरवी हे तिच्या लक्षातही आलं नसतं. सगळे श्वास एका झटक्यात दाबून ती पुढे गेली असती. पण या खेपेला संगीतकाराला श्वासच हवे होते. ढोल नको, टाळ्या नकोत. ताईंचा श्वास पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याचाच ताल करायचा आणि त्यावर गाणं चालवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं.

तिने त्याला फोन लावला.

“बोला वहिनी. निघाले का श्वास?”

“काढतेय. ट्रॅक आला कुठून?”

“कुठून म्हणजे? ताईंनी पाठवला. घरीच गायल्या. आवाज काय लागलाय हो! मी म्हटलं, काय खाताय ते आम्हालाही कळू द्या.”

तो हसला. ती हसली नाही.

“तुमच्या त्या आवाजाची नक्कल करणाऱ्या नव्या यंत्रातून काढलेला नाही ना?”

पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही.

“वहिनी, तुम्ही पण ना,” तो म्हणाला. “संध्याकाळपर्यंत पाठवा. उद्या गाणं बाहेर जायचंय.”

तेवढी शांतता तिला पुरली. मागे एका वाढदिवसाला याच माणसाने त्या यंत्रातून तिच्या नवऱ्याच्या आवाजात प्रेमगीत काढून दाखवलं होतं. नवऱ्याला सूर आणि शेजारी यातला फरक कळत नाही, त्यामुळे सगळे पोट धरून हसले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने ताईंचे जुने सगळे ट्रॅक मागून घेतले. जपून ठेवायला, म्हणाला होता. तिने दिलेही, एकेक पुसून, स्वच्छ करून. आता तिला वाटलं, आपणच घास भरवत होतो की काय.

तिने आवाज वाढवला आणि डोळे मिटले. गाणं तिला पाठ झालं होतं.

*दाराशी उभी कोण, सांग सावली बोलकी,*
*ओळखीची चाल तुझी, का गं वाटते परकी.*

‘परकी’ सरताना, अगदी तळाशी, लाकडावर लाकूड टेकल्यासारखं काहीतरी वाजलं. तिने ते उचलून मोठं केलं. हँगर होता. ताई घरी गायच्या तेव्हा कपड्यांच्या कपाटात माइक टांगून, दार अर्धं ओढून गायच्या. कपडे आवाज पितात आणि खोली घुमत नाही. कपाट ही कात्रीचीच युक्ती. तिथले लाकडी हँगरही तिच्या ओळखीचे होते.

म्हणजे यंत्र नाही. ताईंच्या कपाटात कुणीतरी उभं होतं. डोकं हँगरला लागेल इतकं उंच होतं, किंवा आवरून उभं राहणं ज्याला माहीत नाही असं होतं. ते तोंडाने श्वास घेत होतं, घाईने, शब्द अर्धा टाकून.

संशय संगीतकाराच्या दारातून उठला आणि घरात येऊन बसला.

ताईंची मुलगी, चिमणी, नोकरीसाठी वेगळी राहायची. सुट्टीला आईकडे यायची. दुसऱ्या रिंगला तिने फोन उचलला.

“मामी, पटकन बोल. लिफ्टसाठी उभी आहे.”

“रविवारी आईकडे होतीस?”

“हो. का? डब्यांवरून बोलली का? सांग तिला, आणून देते सगळे.”

“डब्यांचं नाही. गायलीस का काही?”

“अगं, कपाटात कोंबलं मला! म्हणे तू कच्चं गा, चाल माझ्या कानात बसू दे, मग मी गाते. हँगर लागला डोक्याला.” ती थबकली. “ते तुझ्याकडे नाही ना आलं? ऐकू नकोस हं. शप्पथ आहे.”

“बरं गातेस की तू,” कात्री म्हणाली आणि जीभ चावली. “म्हणजे, लहानपणी गायचीस.”

“आईसमोर कोण गाणार, मामी? आली लिफ्ट.”

कात्रीने फोन पालथा ठेवला. पोरीला काही माहीत नव्हतं.

मग गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून तिच्यासमोर येऊन बसल्या. ताईंनी रद्द केलेले दोन कार्यक्रम. फोन न उचलता मेसेज करणं. वाढदिवसाला सगळ्यांनी आग्रह धरल्यावर, घसा बसलाय म्हणत स्वयंपाकघरात जाणं. तेव्हा प्रत्येक गोष्ट साधी वाटली होती. आता ती प्रत्येक गोष्टीकडे उलटसुलट करून पाहत राहिली. आईने लेकीचा आवाज काढून घेतला आणि स्वतःच्या अंगावर चढवला. उद्या तो बाहेर गेला, की पोरीचं पहिलं गाणं जन्मभर दुसरीच्या नावावर. आणि कधी उघडं पडलं, तर ताईंनी आयुष्यभर गाऊन मिळवलेलं नाव मातीत. मधे उभी होती ती एकटी कात्री. तिने श्वास दाबून ट्रॅक पुढे सरकवला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

दाराखालच्या फटीत सावली आली.

बेल वाजली नाही. सावली तिथेच राहिली. कात्री श्वास रोखून बघत बसली. ताईच असणार, चोरून ऐकताहेत, तिला वाटलं. मी काय वाजवतेय ते ऐकताहेत.

बऱ्याच वेळाने बेल वाजली.

“काय कात्री,” ताई दारातच म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्यावर वाक्य पुरं केलं, “माझा गळा कापायला बसलीस?”

हा विनोद जुना होता. एरवी तो एका दमात व्हायचा.

“तुमचाच आहे ना, ते बघतेय,” कात्री म्हणाली.

ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “त्यानं श्वास मागितलेत म्हणे. हे काय नवीन खूळ?”

“ताल करायचाय त्याला.”

“मग आहेत की त्यात. घे काढून.”

“ते बसत नाहीत.”

“कशावर बसत नाहीत?”

“तुमच्यावर.”

ताईंनी पर्सची चेन उघडली आणि काही न काढता लावली.

“आत चला,” कात्री म्हणाली. “गायचं नाही. नुसता श्वास द्या.”

आता ताई नाही म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्या उठल्या. खोलीच्या कोपऱ्यात जाड रजया लावून केलेल्या आडोशात गेल्या आणि माइकचा दांडा धरून उभ्या राहिल्या. कात्रीने हेडफोन चढवला.

टक्.

मग हवा आत जाऊ लागली, आणि अर्ध्या वाटेत, पदर खिळ्याला अडकावा तशी अडकली. एक बारीक शीळ वाजली. हवा सुटली, पुन्हा ओढली गेली, कशीबशी आत पोचली. स्क्रीनवर तिची रेघ तोकडी आणि कुरतडल्यासारखी उमटली.

“अजून देऊ?” ताईंनी विचारलं.

“द्या.”

टक्. पुन्हा तेच. दाराबाहेर सावली इतका वेळ काय करत उभी होती, हे आता कात्रीला कळलं. जिना चढून आली होती ती.

तिने हेडफोन उतरवला. “डॉक्टर काय म्हणाले?”

“बोला म्हणाले. गाऊ नका असं नाही म्हणाले, नुसतं ‘बोला’ म्हणाले. सभ्य माणूस आहे.”

“आणि मला कळलंही नाही.”

“कसं कळणार? मी श्वास घेतला की तू दाबतेस.” ताई बाहेर येऊन बसल्या. आवाजात राग नव्हता. “आधीच्या गाण्यातही असाच होता. छान पुसलास.”

कात्रीने नुकताच घेतलेला श्वास स्क्रीनवर मोठा करून पाहिला.

“चिमणीला खरंच कच्चं गायला सांगितलं होतं,” ताई म्हणाल्या. “ती गेल्यावर ऐकलं. चूक शोधत बसले. सापडेना. राग आला गं मला, पोटच्या पोरीचा. आणि मग पाठवून दिलं. वाटलं, अजून थोडे दिवस मीच.”

कात्रीने ताईंचा श्वास कापला, गोल फिरता केला आणि स्पीकरवर सोडला. टक्, हवा, अडखळ. टक्, हवा, अडखळ. चढणीवर कुणीतरी थांबत थांबत चालावं, तशी लय होती. मग तिने त्यावर मुलीचा आवाज सोडला. तो त्या अडखळीवर पाय ठेवत, न पडता, वर गेला. *ओळखीची चाल तुझी.* दोघी स्पीकरकडे बघत राहिल्या.

गाणं संपल्यावर कात्रीने दोन ट्रॅक वेगळे केले. पहिल्यावर लिहिलं, ‘श्वास: ताई’. दुसऱ्यावर ‘आवाज:’ एवढंच लिहिलं आणि पुढची रेघ लुकलुकत ठेवली.

“पाणी आणते,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने ग्लास भरला, ओतून दिला, पुन्हा भरला. बाहेरून कीबोर्डची एकेक कळ वाजत होती. एका बोटाने लिहिणाऱ्या माणसासारखी, मधे फार वेळ थांबून.

परत आली तेव्हा ताई खिडकीपाशी होत्या. स्क्रीनवर दुसऱ्या ट्रॅकपुढे लिहिलं होतं: चिमणी.

“हे घरातलं नाव झालं,” कात्री म्हणाली. “असं कसं पाठवू?”

“मग तिला विचार, कुठलं लावायचं ते.”

“तुम्ही विचारा.”

ताईंनी ग्लास घेतला, दोन घोट प्यायल्या, खाली ठेवला. मग फोन लावून तो टेबलावर, दोघींच्या मधे ठेवला. रिंग जात राहिली.

“हं आई, बोल,” फोनमधून आवाज आला. मागे माणसांची वर्दळ होती. “डबे ना? आणते गं.”

ताईंनी तोंड उघडलं. टक्, वाजलं.

कात्रीचा हात सवयीने माउसकडे गेला, आणि तिथेच थांबला.